तार तुटली तर येणार कोण?

जूनच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास वारं सुटलं, आमच्याकडं वळवाचं सुटतं तसंच, आधी धुरळा, मग पत्रे वाजायला लागतात, मग दोन-चार टपोरे थेंब आणि लाईट जाते. त्या दिवशी लाईट गेली आणि पाच मिनिटांत परत आली म्हणून सगळे खुश, पण ओढ्याच्या वाटेवर जिथं बाभळीची फांदी कित्येक वर्षांपासून तारेला टेकलेली आहे तिथं तार तुटून चिखलात पडली होती आणि ती जिवंत होती. आम्हाला हे कळलं माझ्या चुलत जावेच्या म्हशीमुळं. म्हैस पुढं, जाऊ मागं दहा-बारा पावलांवर, डोक्यावर वैरणीचा भारा आणि हातात दुधाची किटली. म्हैस एकदम चारी पाय आखडून आडवी झाली. जाऊ म्हणते, आवाजसुद्धा केला नाही बिचारीनं. ती पुढं धावणारच होती म्हशीकडं, पण तिच्या तळपायाला झिणझिण्या आल्या आणि ती जागच्या जागी थांबली, भारा टाकला आणि ओरडत मागं फिरली. दहा पावलांचा फरक होता बघा.

मी सबस्टेशनच्या ऑपरेटरला फोन लावला. म्हणलं, दादा, ओढ्याच्या वाटेवर तार पडलीय, जिवंत हाय, म्हैस गेली. त्यानं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, ग्राहक क्रमांक तर नाहीच नाही, आवाजावरूनच ओळखलं. एवढंच म्हणाला, ताई फोन ठेवू नका, गावठाण फिडर बंद करायलोय, कुणाला जवळ जाऊ देऊ नका. एक मिनिटसुद्धा झालं नसेल, सबस्टेशनमधून गावाला येणारी ती लाईन, म्हणजे फिडर, बंद झाला आणि अख्खं गाव काळं झालं. आयुष्यात पहिल्यांदा लाईट गेल्यावर मला हायसं वाटलं. मग पोरांना टॉर्च देऊन वाटेच्या दोन्ही टोकांना उभं केलं, कारण रानातून माणसं घरी यायची वेळ होती, लेकरं ट्यूशनहून यायची होती आणि लाईट आता बंद आहे हे खरं असलं तरी कुणी चुकून चालू केली तर काय, ही भीती मनातून जात नव्हती.

लाईनमन साडेआठला आला, मोटारसायकलवर, पावसात, सोबत कुणी नाही. पोरगा पंचवीस-सव्वीसचा असेल, आयटीआय झालेला, कंत्राटी. डीपीजवळ, म्हणजे गावाला लाईट देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरजवळ, टॉर्च मारून बघितलं तर फ्यूजला ठरलेल्या तारेच्या जागी जाड तार बांधलेली, म्हणूनच तार जमिनीवर पडून सुद्धा फ्यूज उडाला नव्हता. कुणी बांधली? गावातल्याच कुणीतरी, कारण फ्यूज सारखा उडतो आणि दर वेळी बोलावलं तर माणूस यायला दोन दिवस लागतात. त्या पोराचे हातमोजे मी बघितले, उजव्या हाताच्या अंगठ्याजवळ फाटलेले. म्हणलं दुसरे नाहीत का, तर म्हणाला, मागितलेत ताई. आणि चढला खांबावर.

हे आठवायचं कारण म्हणजे आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर परवा झालेला वाद. भाचा मुंबईत गोरेगावला असतो, त्यानं मेसेज टाकला की लाईट एकदाची खाजगी कंपन्यांना देऊन टाका, आमच्याकडं बघा, वर्षातून दोनदासुद्धा जात नाही, गावाकडं मात्र फोन केला की लाईट नाही लाईट नाही. खाली दहा-बारा जणांनी अंगठे टाकले. मी ग्रुपवर काहीच बोलले नाही, म्हणलं दोन ओळीत सांगायची ही गोष्टच नाही, नीट बसून लिहू. पाच वर्षं मी ग्रामपंचायतीत सदस्य होते, आणि त्या पाच वर्षांत सगळ्यात जास्त फोन मला कशासाठी आले असतील तर लाईट आणि पाणी, आणि पाणी म्हणजे तरी काय, विहिरीवरची मोटर, म्हणजे परत लाईटच.

भाच्याचं खोटं नाही. मुंबईच्या उपनगरांत वीज खाजगी कंपनीच देते, कित्येक दशकांपासून, आणि ती चांगली देते. पण तिथं एका बिल्डिंगला एक केबल नेली की शंभर मीटर लागतात आणि शंभरच्या शंभर बिलं मोबाईलवरून भरली जातात. आमच्या मळ्यातल्या वस्तीवर अकरा खांब रोवले तेव्हा तीन घरं उजळली. त्या तीन घरांचं महिन्याचं बिल मिळून हजाराच्या आत. अकरा खांबांची तार, त्यावर पडणाऱ्या फांद्या, दर पावसाळ्यात वाकणारा एक तरी खांब, हा हिशोब कुठल्याच धंद्यात बसत नाही. तो बसावा म्हणून ही लाईट आलीच नव्हती. १९६० साली राज्य वीज मंडळ झालं, आणि त्यानंतर गावोगाव जे खांब उभे राहिले ते नफा बघून उभे राहिले असते तर मराठवाड्यातली निम्मी गावं अजून कंदिलावर असती, असं माझं स्पष्ट मत आहे.

२००३ चा नवा वीज कायदा आला, २००५ च्या जूनमध्ये मंडळाचे तुकडे झाले, निर्मितीला महानिर्मिती, मोठ्या लाईनींना महापारेषण आणि घरोघर पोचवायला महावितरण. आम्ही अजून एमएसईबीच म्हणतो, माझी सासू तर नुसतं ‘बोर्ड’ म्हणते. या तिन्ही सरकारी कंपन्याच आहेत, पण त्या दिवसापासून भाषा बदलली. ग्राहक, वसुली, गळती म्हणजे चोरीत नाहीतर वाटेत वाया जाणारी वीज, तोटा. आणि ती नुसती भाषा राहिली नाही. भारनियमनाचे दिवस आठवतात का? त्यात पुढं पुढं फिडरांचे गट पाडले, ज्या भागात गळती कमी आणि वसुली चांगली तिथं लाईट जास्त वेळ, जिथं वसुली नाही तिथं अंधार जास्त. वरवर न्यायाचं वाटतं. पण फिडर एकच असतो, त्यावर पै न पै भरणारी विधवा बाई पण असते आणि आकडा टाकणारा पण असतो, आणि अंधार दोघांनाही सारखाच. आमच्या गल्लीत एक शिलाईकाम करणाऱ्या काकू होत्या, बिलाची एकही तारीख चुकवली नाही त्यांनी कधी, आणि लग्नसराईत रात्रभर मेणबत्तीवर काजं-बटणं करायच्या. तेव्हाच मला कळलं की सरकारी कंपनीसुद्धा धंद्याच्या हिशोबानं चालवली की त्रास कुणाला होतो.

आता खाजगीचं बघू. आपल्याकडं हे पहिल्यांदा चाललेलं नाही. २००७ च्या जानेवारीत भिवंडीची वीज फ्रँचायझीवर दिली, म्हणजे तारा-खांब महावितरणचे, वीज महावितरणची, पण देखभाल, मीटर, बिल, वसुली सगळं खाजगी कंपनीकडं. तिथं निम्म्याहून जास्त वीज गळतीत जात होती, ती खूप कमी झाली, हे मान्य करायलाच पाहिजे. भिवंडी यंत्रमागाचं शहर आहे, दाट वस्ती, जिथं तिथं माग, वीज वापरणारे आणि पैसे देणारे खच्चून भरलेले. त्याच जोरावर मग २०११ मध्ये औरंगाबाद शहर, नागपूरचा मोठा भाग आणि जळगाव फ्रँचायझीवर गेले. पुढं काय झालं? औरंगाबादचं २०१४ च्या नोव्हेंबरात महावितरणला परत घ्यावं लागलं, कारण कंपनीकडं पैशाची थकबाकी चढली होती. जळगाव २०१५ मध्ये परत आलं. नागपूरमध्ये आधी एक कंपनी, मग दुसरी, आणि २०१९ मध्ये तेही महावितरणकडं परत. चारातली तीन शहरं परत आली. आणि ही शहरं आहेत बरं का, एमआयडीसी असलेली, मॉल असलेली, बिल भरणारी. औरंगाबाद म्हणजे आताचं संभाजीनगर, आमच्या मराठवाड्याचं सगळ्यात श्रीमंत शहर, तिथंच जर साडेतीन वर्षांत हिशोब बसला नाही तर आमच्या अकरा खांबांसाठी कोण येणार आहे?

ओडिशाची गोष्ट तर मला फार लागते. वीज वितरण खाजगी कंपन्यांना देणारं देशातलं पहिलं राज्य ते, १९९९ साली. भुवनेश्वर-कटकचा मधला पट्टा एका अमेरिकन कंपनीकडं गेला आणि महिना-दोन महिन्यांत, ऑक्टोबरच्या शेवटी, ते भयंकर चक्रीवादळ आलं. हजारो माणसं गेली, खांब आणि तारा झोपल्या. नवीन उभं करायला प्रचंड पैसा पाहिजे होता. २००१ मध्ये ती कंपनी सोडून निघून गेली. राहिलेल्या तीन भागांचा परवाना दुसऱ्या खाजगी कंपनीकडं होता, तो २०१५ मध्ये तिथल्या वीज नियामक आयोगानं रद्द केला. आता तिथं परत तिसऱ्याच खाजगी कंपनीकडं काम आहे आणि ती बरं चालवते असं म्हणतात. दिल्लीत २००२ मध्ये खाजगी झालं, पन्नास टक्क्यांच्या वरची गळती दहाच्या खाली आली, हे पण खरं आहे. मी काही खाजगी म्हणलं की दगड उचलणारी बाई नाही. पण दिल्ली हे एक शहर आहे, आणि वादळ आल्यावर निघून जायची मोकळीक ज्याला आहे त्याच्या भरवशावर गाव ठेवायचं का, हा माझा प्रश्न आहे.

निघून जायला वादळच लागतं असं नाही. मलईदार गिऱ्हाईक घेऊन बाकीचं सोडून देणं, हे पण निघून जाणंच. हे नीट समजून घ्या, कारण मला स्वतःला हे कळायला लई वेळ लागला. कारखाने, दुकानं, मॉल, मोठे ऑफिस यांना वीज ती पुरवायच्या खर्चापेक्षा महाग लावतात, आणि तो जास्तीचा पैसा वापरून गरिबाच्या घराला आणि शेतीच्या पंपाला स्वस्त देतात. त्याला क्रॉस सबसिडी म्हणतात. म्हणजे ठाणे-नवी मुंबईच्या कारखान्यातला रुपया फिरत फिरत आमच्या वस्तीवरच्या खांबापर्यंत येतो. २०२२ मध्ये एका मोठ्या खाजगी समूहानं अर्ज केला तो नेमका भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, तळोजा या भागासाठी, म्हणजे महावितरणचे सगळ्यात चांगले पैसे देणारे ग्राहक जिथं आहेत तिथं समांतर परवाना, म्हणजे महावितरण असतानाच आपल्याला पण वीज विकायची परवानगी, पाहिजे म्हणून. हिंगोलीसाठी अर्ज केला का कुणी? औंढ्यासाठी? भूम-परांड्यासाठी? आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लोकसभेत वीज दुरुस्ती विधेयक मांडलं, एकाच भागात, त्याच तारांवरून, अनेक कंपन्यांना वीज विकता यावी म्हणून. ते समितीकडं गेलं आणि तसंच बारगळलं, पण २०२५ च्या ऑक्टोबरात परत नवा मसुदा आलाच.

४ जानेवारी २०२३ ला वीज कर्मचाऱ्यांचा संप झाला तो या समांतर परवान्याच्या विरोधात. तीन दिवसांचा ठरला होता, पण उपमुख्यमंत्र्यांशी बैठक झाली आणि पहिल्याच दिवशी मिटला. आमच्या गावात त्या दिवशी लोक वैतागले होते, हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, जो तो शिव्या द्यायला लागला की फुकटचा पगार खातात आणि वर संप करतात. मी सुद्धा चिडले होते, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी ऑपरेटर दादाला फोन केला तर तो म्हणाला, ताई, ठाण्याचा पैसा गेला तर तुमच्या डीपीला ऑईल कुठून आणायचं सांगा. एवढं एकच वाक्य बोलला. त्या दिवसापासून मी हे सगळं वाचायला लागले.

लाईटचा आणि जिवाचा संबंध शहरातल्या माणसाला तितकासा कळत नाही. २०२१ मध्ये थकबाकीसाठी राज्यभर ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची लाईट तोडली, नंतर सरकारनं सांगितलं की पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून बिलं भरा. आमच्या गावचे खांबावरचे दिवे पावसाळ्यात बंद होते. पावसाळ्यात, जेव्हा साप-विंचू वर येतात आणि वाट दिसत नाही. पहाटे बाया शौचाला जाताना चार-चार जणी मिळून जायच्या, ज्या घरात संडास आहे तिथली पण आजी सवयीनं बाहेरच जाते. एका पोरीला शाळेच्या कोपऱ्यावर मण्यार चावली, तिला आधी आरोग्य केंद्रात आणि मग तालुक्याला नेईपर्यंत आमच्या सगळ्यांच्या जिवात जीव नव्हता. वाचली ती. त्या महिन्यात तीन ठिकाणी शेळ्या चोरीला गेल्या आणि एका घराचं कुलूप तोडलं. गावातली तरुण पोरं काठ्या घेऊन गस्त घालायला लागली. ग्रामपंचायतीच्या मिटींगमध्ये मी म्हणलं होतं, रस्त्यावरचा दिवा हा काही कुणा एकाचा वापर नाही, त्याचं बिल थकलं म्हणून तो विझवायचा असेल तर पोलीस चौकी पण थकबाकीत बंद करणार का? नळाच्या पाण्याचं तसंच. विहिरीवरच्या मोटरीचं कनेक्शन कापलं की तिसऱ्या दिवसापासून बाया परत हंडे घेऊन हापशावर, आणि पोरी शाळा सोडून रांगेत.

हे सगळं अजून तरी सरकारी कंपनीच्या काळात झालं, हे मला माहिती आहे. मग खाजगीत वेगळं काय? एवढंच, की सरकारी असल्यामुळं आम्ही आमदाराच्या दारात जाऊन बसू शकलो, तहसीलदाराला निवेदन दिलं, पेपरात बातमी आली, आणि शेवटी मंत्रालयातून आदेश निघाला. दिवे लागले. ज्या कंपनीचं ऑफिस तिसऱ्या राज्यात आहे तिच्या दारात आमच्या बाया कधी बसणार?

शेतीच्या लाईटचं तर काय सांगावं. थ्री फेज, म्हणजे पंपाच्या मोटरीला लागणारी लाईट, एक आठवडा दिवसा आठ तास, एक आठवडा रात्री. रात्रीचा आठवडा आला की आमच्या घरात कुणाला झोप नसते, नवरा बारा वाजता मोटर चालू करायला रानात, हातात बॅटरी आणि काठी, आणि मी फोन उशाशी घेऊन. ओल्या पायानं स्टार्टरला हात लावायचा, बांधावर गवत, दंडात पाणी. २०२४ च्या शेवटाला टिपेश्वरच्या अभयारण्यातून वाघ चालत येडशीच्या रामलिंग घाटात आला तेव्हा आमच्या बाजूच्या शिवारांत लोक चार-चारच्या टोळीनं पाणी द्यायला जायचे. वाघ तरी लांब होता, पण बिबट्याचे ठसे आमच्याच ओढ्याला दिसले. दिवसा लाईट द्या, एवढं एकच मागणं शेतकरी कितीतरी वर्षांपासून करायलाय.

आणि इथं मला एक गोष्ट मोकळेपणानं सांगायची आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खाजगी कंपन्याच सौर प्रकल्प उभे करायलेत, पडीक जमीन भाड्यानं घेऊन, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं, आणि त्या विजेवर शेतीचे फिडर दिवसा चालवायचे. शेजारच्या गावात असा प्रकल्प झाला आणि त्यांच्या फिडरला आता दिवसा लाईट आहे. माझ्या नणंदेचं गाव ते. ती म्हणते, वहिनी, आता रात्री आमचे हे घरी झोपतात. मला याचा मनापासून आनंद आहे. वीज कुणी तयार केली यावर माझं भांडण नाही, फक्त करार उघड असावा, दाभोळला वीज प्रकल्प आणणाऱ्या एन्रॉन कंपनीसारखा नको, त्या करारानं नव्वदीच्या दशकात मंडळाला एवढी महाग वीज गळ्यात बांधली की २००१ मध्ये ती घेणंच बंद करावं लागलं. माझं म्हणणं घरापर्यंत येणाऱ्या तारेबद्दल आहे. तार एकच असते. ती आवडली नाही म्हणून दुसऱ्या दुकानात जाता येत नाही.

मीटरचं पण थोडं बोलते. प्रीपेड स्मार्ट मीटरची गोष्ट निघाली तेव्हा गावात सगळ्यात जास्त घाबरली ती आमच्या वाड्यातली आजी, एकटी राहते, श्रावणबाळ योजनेच्या पैशावर. तिनं मला विचारलं, बाई, पैसे संपले की रात्रीच बंद होणार का गं? आता वीज तोडायची असेल तर पंधरा दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते, कायद्यात आहे, कलम ५६. त्या पंधरा दिवसांत माणूस उसने आणतो, शेळी विकतो, पोराला पुण्याहून पैसे पाठवायला सांगतो. प्रीपेडमध्ये ते पंधरा दिवसच जातात. लोकांचा विरोध झाला, २०२४ च्या जूनमध्ये सरकारनं सांगितलं की सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड लावणार नाही. बरं झालं. पण नवे मीटर बसवायचं काम कंत्राटदारांचं आहे, आणि बिल जास्त आलं म्हणून विचारायला गेलं की ऑफिसवाला म्हणतो कंत्राटदाराला विचारा आणि कंत्राटदाराचा पोरगा म्हणतो मी नुसता बसवतो. जबाबदारी अशी मधल्यामध्ये हरवते. आमचीच गोष्ट घ्या, म्हशीचा पंचनामा झाला, विद्युत निरीक्षकाकडं कागद गेला, तार कुणाच्या देखभालीत होती, फांदी तोडायचं काम कुणाला दिलं होतं, यावरच फाईल अजून फिरायलीय. जाऊ आता दूध विकत घेते. जिच्या दुधावर दोन पोरांची फी निघायची ती जागा गोठ्यात रिकामी आहे.

म्हणून मला वाटतं आमच्या गावात खाजगीकरण कधीचंच मागच्या दारानं आलंय, आम्ही मात्र पुढच्या दाराकडं बघत बसलो. कायम लाईनमन निवृत्त झाला, त्याच्या जागी माणूस भरला नाही, कंत्राटी पोरगा आला. त्याच्याकडं एवढी गावं की त्याला सगळ्या डीपी कुठं आहेत हेसुद्धा माहिती नसतात. पगार दोन महिन्यांनी. मग गावात झिरो वायरमन तयार होतो, म्हणजे ज्याला कुणी नेमलेलं नाही, विमा नाही, पण जो शे-दोनशे रुपयात फ्यूज टाकतो. आमच्या मामेकुळीच्या गावातला असा एक जण खांबावरच गेला, लाईट बंद आहे असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्याच्या बायकोला काय मिळालं? तो कुणाचाच नोकर नव्हता. डीपी जळाली की सगळं गाव वर्गणी करतं, घरटी दोनशे, टेम्पो भाड्यानं, जळालेली डीपी उतरवायला गावचीच पोरं, नवी चढवायला पण गावचीच. नियमात खेड्यातली डीपी ४८ तासांत बदलायची आहे आणि नाही बदलली तर ग्राहकाला भरपाई मागता येते. हे मी गावात सांगितलं तर लोकांनी माझ्याकडं असं बघितलं की मी परदेशातून आलेय. एकदा आम्ही खरंच अर्ज लिहिला, सत्तावीस जणांच्या सह्या घेऊन, तारखा-वेळा घालून. भरपाई मिळाली नाही अजून, पण पुढची डीपी तिसऱ्या दिवशी आली, आणि टेम्पोचे पैसे गावाला द्यावे लागले नाहीत.

तर भाच्याला माझं सांगणं असं आहे, की आमच्याकडची लाईट खराब आहे हे तुझं बरोबर, पण ती सरकारी आहे म्हणून खराब नाही, तिथली माणसं काढून घेतली म्हणून खराब आहे. जागा भरा. प्रत्येक चार-पाच गावांमागं एक कायम लाईनमन द्या जो त्याच भागात राहतो, त्याला धड हातमोजे द्या, मेच्या आत फांद्या तोडा, डीपीची पेटी बंद होईल अशी करा म्हणजे लेकरांचा हात जाणार नाही. पथदिवे आणि पाण्याची मोटर थकबाकीत तोडायची नाही असा नियम करा. यातल्या कशालाच कंपनी विकावी लागत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पूर आला, त्यात मांजराचं पाणी आमच्या खालच्या आळीपर्यंत आलं होतं. सोयाबीन गेलं, माती गेली, नदीकाठचे खांब मुळासकट गेले. चार दिवस लाईट नव्हती, मोबाईल बंद, गिरणी बंद, लोक शाळेत राहायला. पाचव्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यातून तारांची वेटोळी खांद्यावर घेऊन सहा माणसं चालत आली, त्यात तोच फाटक्या हातमोज्याचा पोरगा. त्यांनी त्या दिवशी आधी पाण्याच्या टाकीची लाईन जोडली, मग शाळेची, मग दवाखान्याची, मग घरं. कुणाचं बिल भरलंय कुणाचं नाही हे कुणीच विचारलं नाही. आमच्या बायांनी त्यांना पिठलं-भाकरी दिली, उभ्या उभ्या खाल्ली आणि पुढच्या गावाला गेले.

त्या ऑपरेटर दादाचं कंत्राट मार्चमध्ये संपलं. नवीन एजन्सी आली, तिनं तिची माणसं आणली. दादा आता तालुक्याला एका दुकानात मोटर बांधायचं काम करतो. त्याचा नंबर आम्ही गिरणीच्या भिंतीवर ऑईलपेंटनं लिहून ठेवला होता, मोठ्या अक्षरात, म्हातारीला पण लांबून दिसेल असा, आणि लोक अजून सवयीनं त्यालाच फोन लावतात, तोही उचलतो आणि सबस्टेशनला कळवतो, स्वतःच्या बॅलन्सवर. परवा मी जाऊन नवीन पोराला भेटले, गावाचं नाव सांगितलं, ओढ्याची वाट कुठल्या फिडरवर आहे ते त्याच्या वहीत लिहून दिलं आणि त्याचा नंबर घेतला. रंगाचा डबा आणलाय. रविवारी पुसून नवीन लिहिणार आहे, पण जुना नंबर पण खाली ठेवणार आहे, बारीक अक्षरात.